बावाच्या कोंडीतले खुंट

खुंट ठोकायचा तर पाणी उतरायची वाट बघावी लागते. घाई केली की खुंट तिरका बसतो, आणि तिरक्या खुंटाला बांधलेलं जाळं पहिल्याच उधाणात फाटून जातं. धाकूला हे कुणी सांगायची गरज नव्हती. बासष्ट वर्षांचा झाला होता आणि खाडीशिवाय त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. उजाडता उजाडता त्यानं होडीत ताडाचे दोन खुंट घातले, मोगरी घातली, दोरखंड आणि एक जुनं जाळं घातलं, फडक्यात बांधलेली भाकरी नि सुका जवळा घातला, आणि उतरत्या पाण्याबरोबर निघाला. रोजचंच काम. वेगळं इतकंच, की तो जिथं चालला होता तिथं शिळबंदरच्या कुणा माणसानं आजवर खुंट ठोकला नव्हता.

शिळबंदर म्हणजे बोरिवलीच्या पश्चिमेला, दहिसरची नदी खाडीत उतरते त्या अंगाचा चाळीस घरांचा कोळीवाडा. बस अर्ध्यावर सोडते, पुढं मिठागराच्या बांधावरनं चालत जायचं. त्र्याऐंशी साल होतं. तिवरं तोडून भरावाचे ट्रक रिकामे होत होते, नदीतनं कधी लाल तर कधी काळं पाणी येत होतं, आणि जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त. मासळी उरली होती ती एकाच ठिकाणी. बावाच्या कोंडीत. खाडी वळते तिथला तो खोल डोह. भर ओहोटीलाही तिथं पाणी हिरवंगार राहायचं आणि जिताडे पाठ दाखवत फिरायचे.

पण तिथं कुणी जाळं लावत नसे. नुसतं पुढं जायचं झालं तरी वल्हं पाण्याबाहेर काढायचं, होडी आपसूक जाऊ द्यायची आणि तोंडानं स्पष्ट म्हणायचं, "पाहुणा जातो." दारू प्यालेला माणूससुद्धा हे विसरत नसे. का म्हणायचं, कुणाला ठाऊक नव्हतं. बाप म्हणायचा म्हणून पोरगा म्हणे.

धाकूचं डोकं पहिल्यापासून गरम. बापानं जाळं लावायची एक जागा, म्हणजे कव, दोघा भावांना मिळून ठेवली होती. एक वर्ष धाकूनं लावायचं, एक वर्ष धाकट्या बाळानं. मागच्या साली भांडणात धाकूनं भर उधाणात बाळाच्या जाळ्याचे दोर कोयत्यानं कापले. बाळा जमातीपुढं गेला. जमातीनं निकाल दिला, कव बाळाची, धाकूनं तिथं होडी न्यायची नाही. तेव्हापासून धाकूचं मोठं जाळं भिंतीला टांगलेलं. जावई म्हणाला, "मामा, आमच्या बिल्डिंगीत वॉचमनची जागा आहे. बसायला खुर्ची मिळेल." धाकूनं त्याला भरल्या ताटावरनं उठवलं. खुर्चीत बसून मरण्यापेक्षा कोंडीत मेलेलं बरं, असं बायकोला म्हणाला. शेवंतीला वाटलं, राग आहे, उतरेल.

राग उतरला नाही. तो खुंट घेऊन कोंडीवर गेला.

कोंडीच्या काठी चिखलात एक शिळा अर्धी रुतलेली होती. वर सूर्य-चंद्र कोरलेले, मध्ये झिजलेली अक्षरं, आणि खाली बाईवर चढलेलं गाढव. बाया तिकडं बघत नसत. कुणी तरी कधी तरी तिला शेंदूर फासून देव करून टाकलं होतं. धाकूनं होडीचा दोर त्या देवालाच बांधला. कोंडीच्या तोंडाशी, पाणी अरुंद होतं तिथं, एक खुंट उभा केला, हलवत हलवत खाली घातला आणि मोगरीनं ठोकला. मग दुसरा. दोन्ही सरळ बसले. इतके सरळ की त्याला स्वतःलाच नवल वाटलं, जणू खाली भोक तयार होतं.

"पाहुणा तुझा बाप," तो कोंडीकडं बघून म्हणाला आणि थुंकला. "मी हितलाच."

ओहोटीचा चिखल कधी गप्प नसतो. खेकडे बिळात शिरतात, निवट्या उड्या मारतात, चिखल स्वतःच फुटफुटत असतो. तो सगळा आवाज थांबला. लांब भरावावर एक ट्रक मागं मागं येत होता, त्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मग वास आला. चिखलाच्या वासात तिळाच्या तेलाचा, वात नुकतीच विझल्यावर येतो तसा.

धाकूनं मान वळवली. शिळेच्या पलीकडं चिखलात एक माणूस उभा होता. डोक्याचा गोटा केलेला. अंगावर चिखलाच्याच रंगाचं फडकं, एक खांदा उघडा. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं वाडगं.

"काय पायजे?" धाकू म्हणाला. "मासली? दुपारी घराकडं ये. हितं उभा ऱ्हाऊ नको."

तो माणूस कोंडीकडं बघत नव्हता, खुंटांकडंही नाही. धाकूकडं बघत होता. गिऱ्हाईक पाटीतल्या मासळीकडं बघतं तसं नाही. आपल्याच घरातल्या वस्तूकडं आपण बघतो तसं. आहे ना जागेवर, एवढंच.

धाकू दोर सोडायला वाकला आणि वर बघतो तर कुणी नाही. चिखल सपाट. त्या चिखलात कोंबडीसुद्धा रुतते, आणि हा बाबा पायाचा ठसा न उमटवता गेला. धाकूनं शिवी हासडली आणि जाळं बांधलं.

मासळी इतकी आली की होडी बुडायला झाली. जिताडे, बोय, हाताएवढी कोळंबी. शेवंतीनं पाटी भरून बाजारात नेली, आणि संध्याकाळी परत आली ती तोंड पाडून.

"मरत नाय ती," ती म्हणाली.

"काय मरत नाय?"

"मासली. सकालची संध्याकाल झाली, कल्ले हलतायत अजून. एका बाईनं कापून घेतली, तुकडे पिशवीत घातले, तर पिशवी हलायला लागली. बाई पिशवी टाकून गेली."

"ताजी हाय. खाडीतली ताजी मासली बघितलीच नाय त्या बायांनी कदी. मार्केटातला बर्फ खानारी मानसं."

शेवंतीनं उरलेली पाटी अंधार पडायच्या आत खाडीत ओतून दिली. धाकूला तिनं ते सांगितलं नाही.

चार दिवसांनी बाळा आला. वर्षभरात पहिल्यांदा भावाच्या दारात उभा राहिला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"दादा, काढ ते खुंट."

"का रं? पोटात दुखतं तुज्या?"

"दुखंल नायतर काय. जमात गरम झालीय. म्हातारी मानसं झोपत नायत."

"तुज्यासाठी जमात, माज्यासाठी खुर्ची. तुजी बायको मालन सांगत फिरते, म्हातारा वॉचमन होनार, शिट्टी वाजवनार. सांगते का नाय?"

"सांगितलं आसंल. तोंड हाय तिला. दादा, माजी आर्दी कव घे. जमातीला मी बोलतो. पन कोंड सोड."

"भीक घालतोस?"

"भाव म्हनून देतो."

"जा," धाकू म्हणाला. "माज्या दारात परत दिसलास तर दोर नाय, दुसरं काय तरी कापीन."

कोजागरीपासून दिवाळीपर्यंत धाकू रोज ओहोटीला कोंडीवर जात राहिला आणि तो गोटेवाला रोज उभा असायचा. धाकूनं त्याला शिव्या दिल्या. चिखलाचे गोळे मारले. एकदा चिडून एक जिवंत बोय त्याच्या वाडग्यात फेकली. ती वाडग्यातनं आरपार गेल्यासारखी चिखलात पडली आणि तडफडत पाण्यात निघून गेली. तो हलला नाही. पण दर दिवशी तो आधीपेक्षा एक पाऊल जवळ असायचा. आणि त्याच्या मागं, तिवरांत, आणखी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं... धाकू तिकडं बघायचं टाळायचा.

दिवाळीच्या अमावास्येला दुपारी भाऊराव आला. दहिसरच्या चाळीत राहणारा, पालिकेच्या शाळेत शिपाई. रविवारी कान्हेरीच्या लेण्यांवर जायचा आणि कुणा जाणत्या माणसाकडनं जुनी अक्षरं वाचायला शिकला होता. पावसाळ्याआधी धाकूनंच त्याला होडीतनं शिळेपाशी नेलं होतं. ओला कागद शिळेवर बसवून, वर शाई फिरवून त्यानं ठसा घेतला होता. धाकू त्याला थट्टेनं मास्तर म्हणे.

"लागलं वाचून," भाऊरावनं ओट्यावर कागद उलगडला. "देव नाही हा, धाकूबाबा. राजाचा हुकूम आहे, दगडावर लिहिलेला. आठशे-नऊशे वर्षं झाली असतील. राजाचं नाव झिजलंय, ठशात उठत नाही. पण दिलं काय ते स्पष्ट आहे. हा काठ आणि ही कोंड डोंगरातल्या मठाला दिली. दिव्याच्या तेलासाठी."

"कोंड काय राजाच्या बापाची होती?"

"मलाही हेच वाटलं. राजे जे देतात ते त्यांचं नसतंच."

"आनि गाढव?"

"ती शिवी आहे. हे दान जो मोडेल, त्याच्या आईला."

धाकू खो खो हसला. "म्हंजे आमी इतकी वर्सं शिवीला नारल फोडला."

भाऊराव हसला नाही. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. आपल्यासारख्यांचीच गोष्ट आहे ती. काय काय दिलं ते लिहिलंय. पाणी, मासळी, तिवरं, खुंट... आणि खुंट ठोकणारी माणसं. माणसंही दिली, जमिनीबरोबर, गुरं द्यावीत तशी. जो इथला, तो दिलेला. बाहेरचा येईल-जाईल, त्याला सोडलं. चंद्र-सूर्य असेपर्यंत."

ओट्यावर ऊन होतं. वाड्यात कुणी तरी लवंगी माळ लावली, ती फुटत राहिली. धाकूला ते शब्द आठवले. पाहुणा जातो. बाप म्हणायचा, आजा म्हणायचा. कुठल्या तरी जुन्या माणसाला ठाऊक होतं, आपल्याला कुणी देऊन टाकलंय. त्यानं पोराबाळांना सुटायची वाट शिकवून ठेवली होती. इथले नाही आम्ही, पाहुणे आहोत.

"मठ तर कदीच ओस पडला ना?" धाकूनं विचारलं.

"कधीच. घेणारे गेले. पण दान कुणी मागं घेतलं नाही. तसंच पडून आहे."

"मास्तर... ते तुमचे भिक्षू. काय मागतात ते?"

"भिक्खू मागत नाही, धाकूबाबा. नुसता उभा राहतो. द्यायचं ते देणाऱ्यानं ठरवायचं." भाऊराव कागद गुंडाळता गुंडाळता थांबला. "का हो?"

धाकू उठला. पाणी उतरायला लागलं होतं. त्यानं कोयता घेतला आणि होडीकडं गेला.

दिवस मावळता मावळता तो कोंडीवर पोचला. पाणी तळाला गेलं होतं. बोरिवलीकडं आभाळात बाण उडत होते, त्यांचा उजेड चिखलावर लालहिरवा पडून विझत होता. धाकूनं जाळं कापून टाकलं. काठाजवळच्या खुंटाशी उतरला, त्याला मिठी मारली आणि हलवायला लागला. खुंट हलेना. तेरा दिवसांपूर्वी मोगरीचे पाच घाव घालून बसवलेला खुंट, खडकात उगवल्यासारखा. जोर लावला तसतसे पायच खाली गेले. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत.

तेलाचा वास आला.

तो गोटेवाला आता एकटा नव्हता. शिळेपासून तिवरांपर्यंत एका रांगेत उभी होती ती माणसं. पुढचा हातभर अंतरावर. त्याचं वाडगं धाकूच्या छातीशी आलं होतं. आत काही नव्हतं. अंधारही नव्हता, नुसती रिकामी जागा... आणि ती वाट बघत होती.

"पाहुणा," धाकू म्हणाला. "पाहुणा हाय मी... जातो."

कुणी हललं नाही. पाणी वळलं होतं. भरतीची पहिली जीभ त्याच्या कमरेला लागली.

वळणावर कंदील दिसला. कवेवरनं परतणारी बाळाची होडी. त्यानं वल्हं वर काढलं आणि नेहमीसारखं म्हणाला, "पाहुणा जातो." मग त्याला चिखलातला माणूस दिसला. "कोन? दादा? थांब, हलू नको, आनखी जाशील. दोर टाकतो."

त्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं आणि होडी कोंडीत वळवली. रांगेतलं त्याला काही दिसत नव्हतं. तो दोर सोडवण्यात गुंतला होता.

धाकूनं त्या वाडग्याकडं बघितलं. भावाकडं बघितलं. आणि हळूच, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "तो माजा भाव. हितलाच. तो घ्या... दिला."

रांगेतल्या सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

दोर येऊन पडला. धाकूनं तो बगलेखालनं घेतला, बाळानं ओढला, आणि चिखलानं त्याला सोडलं. दोराच्या जोरानं सोडलं की आणखी कशानं, हे धाकूला त्या वेळीही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

"कुनाशी बोलत व्हतास?" बाळानं धापा टाकत विचारलं.

"कुनाशी नाय."

"मरायला आलास आनि कुनाशी नाय," बाळा म्हणाला. अंगातला सदरा काढून त्यानं भावाच्या खांद्यावर टाकला.

भाऊबीज झाली तसा बाळा कमी बोलायला लागला. ओहोटी लागली की हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राही. अष्टमीच्या आसपास तो एका सकाळी खाडीवरनं आला तो डोकं गुळगुळीत करून. मालननं टाहो फोडला. "कोन मेलं? सांग ना, कोन मेलं आपलं?" बाळा तिच्याकडं बघत राहिला, अनोळखी बाईकडं बघावं तसा. तिनं वाढलेलं ताट त्यानं पुढं ओढलं नाही. ताटासमोर नुसता उभा राहिला. तिनं घास भरवला तेव्हा खाल्ला.

मालन धाकूच्या दारात आली. "दादा, तुमी त्या रात्री संगं व्हता. काय झालं तिकडं?"

"त्यानं दोर टाकला. मी वर आलो," धाकू म्हणाला. खोटं त्यात काही नव्हतं.

कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणात बाळा गेला तो आला नाही. होडी कोंडीत सापडली, धाकूच्या खुंटाला बांधलेली. वल्हं आडवं ठेवलेलं, कोरडं. त्या दोन खुंटांच्या पुढं आणखी दोन खुंट होते. ताडाचे नव्हते. कसल्या लाकडाचे होते ते वाड्यातल्या एकाही माणसाला सांगता आलं नाही, आणि त्यांना हात लावायला कुणी धजलं नाही.

बाळाच्या घरात दुसरा पुरुष नाही म्हणून जमातीनं कव धाकूला दिली. मालन त्याच्याकडं राहायला आली. भिंतीवरचं जाळं उतरलं. धाकूला हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त कवेवर जायचं तर वाटेत कोंड लागते. तो वल्हं वर काढी, मान खाली घाली आणि म्हणे, "पाहुणा जातो." पौषात एकदा, सकाळच्या कोवळ्या उन्हात, चिखलातनं उत्तर आलं. बाळाच्या आवाजात. सावकाश, रागाशिवाय.

"कोनाचा?"

त्या दिवशीपासून रोज येतं. धाकूनं त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

माघात भाऊराव आला. शेवंती खाडीवर शिंपल्या वेचायला गेली होती. ओट्यावर धाकू जाळं विणत बसला होता, कोपऱ्यात मालन सुपात जवळा निवडत होती. भाऊराव बसला नाही. काखेतली गुंडाळी त्यानं दोन्ही हातांत धरली होती.

"जय भीम, धाकूबाबा. दुसरा ठसा घेतला काल. पहिल्यात देणाऱ्याचं नाव उठलं नव्हतं, म्हटलं पुन्हा बघू." त्याचा आवाज बसलेला होता. "आता उठलंय. अक्षरं तीच, जुनीच. दगड झिजलाय तेवढाच झिजलेला, माझ्या समोर शेवाळ खरवडून काढलं. पण मी राजांची पुष्कळ नावं वाचलीत... असलं दोन अक्षरांचं नाव कुठल्या राजाचं नसतं."

धाकूच्या हातातली सुई थांबली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," तो म्हणाला. "जुनं काय तरी आसंल. गुंडाला ते."

भाऊराव कागद गुंडाळायला लागला. कोपऱ्यात मालननं सूप खाली ठेवलं आणि लुगड्याला हात पुसले.

"वाचा," ती म्हणाली.